तोंडाचं बोळकं आणि मेणाची पाळ

मोलगीहून आम्ही गटाच्या बाया बोलतोय. मागच्या वेळी आमचुराच्या भावाबद्दल बोललो होतो. आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. हसा, पण कान इकडेच ठेवा. आज आम्ही कवळीबद्दल बोलणार आहोत. कवळी म्हणजे दात गेल्यावर बसवतात ती दातांची जोडी. आणि त्यातही एकाच गोष्टीबद्दल: वरचे आणि खालचे दात जिथे एकमेकांना भेटतात ती पातळी ठरवतात कशी, आणि ती ठरवायला माणसं कधी शिकली?

हा विषय आम्हाला एका आजीमुळे सापडला. तिला आपण आजीच म्हणू, कारण नाव सांगायचं नाही असं तिनं बजावलं आहे. आमच्या गटातली ही सगळ्यात जुनी सभासद. दात पडत पडत शेवटी एकही राहिला नाही. भाकरी दुधात नाहीतर डाळीत कुस्करून खायची. मक्याचं कणीस भाजलं की वास घ्यायची आणि नातवाला द्यायची. मग तिनं एक शेळी विकली आणि बाजाराच्या गावी जाऊन कवळी करून आणली. सकाळी माप, संध्याकाळी दात. आम्ही सगळ्या बघायला गेलो होतो. दात पांढरेशुभ्र, एका रांगेत. महिन्याभरात ती कवळी बिस्किटांच्या डब्यात जाऊन पडली. डावीकडे घास घेतला की उजवीकडची बाजू उठायची. बोलताना दात एकमेकांवर खडखड वाजायचे. हिरडीला फोड आले ते वेगळेच.

आजीला वाटलं, चूक आपलीच. आपल्या तोंडाला दात सोसत नाहीत. आम्हालाही तसंच वाटलं. काहींनी तर म्हटलं, स्वस्तातलं घेतलं, म्हणून असं झालं.

पुढे एका तपासणीच्या शिबिरात दाताच्या डॉक्टर बाई आल्या होत्या. आजीनं डबा उघडून दाखवला. बाईंनी कवळी आजीच्या तोंडात बसवली, दातांना एक सपाट पट्टी आडवी लावली आणि आम्हाला म्हणाल्या, "समोर या, बघा." आम्ही बघितलं. डोळे एका रेषेत आणि पट्टी दुसऱ्याच रेषेत. एक टोक वर, एक खाली. बाई म्हणाल्या, "माल वाईट नाही. पातळीच काढलेली नाही. पाणसळ न लावता घराचा ओटा बांधला तर काय होईल? तसं झालं आहे."

ओट्याची गोष्ट आम्हाला कळते. पण तोंडात पाणसळ कुठे लावतात? ते त्या दिवशी बाईंना विचारलं, नंतर पुन्हा दोनदा जाऊन विचारलं, आणि वाचता येणाऱ्या मुलींकडून वाचूनही घेतलं. त्यातून जे जमलं ते आज सांगतोय.

आधी हे समजून घेऊ की दात गेल्यावर तोंडात नेमकं काय हरवतं. आपल्याला वाटतं, दात हरवले. पण दातांबरोबर आणखी दोन गोष्टी जातात. दात होते तेव्हा वरचा आणि खालचा जबडा एका ठरावीक उंचीवर येऊन थांबत होता, कारण मध्ये दात होते. ते गेले की थांबायची जागाच उरत नाही. जबडा आणखी वर येतो, हनुवटी नाकाकडे सरकते, गाल आत जातात. म्हाताऱ्या माणसाचं तोंड मिटल्यावर चिंबल्यासारखं दिसतं ते यामुळे. दुसरं म्हणजे, दात ज्या हाडात रुतलेले होते ते हाड काम नसल्यामुळे झिजत जातं. खालच्या जबड्याचं वरच्यापेक्षा पुष्कळ जास्त झिजतं. म्हणून खालची कवळी बसवणं नेहमीच अवघड.

म्हणजे बोळक्या तोंडात कुठलीच खूण नाही. शेताचे बांध पुरात वाहून गेल्यावर हद्द काढायची असते ना, तसं ते काम आहे. आणि माणसांना ही हद्द काढायला फार वर्षं लागली.

जगातली सगळ्यात जुनी म्हणावी अशी पूर्ण कवळी जपानमधली आहे, आणि ती एका बाईची आहे. वाकायामा नावाच्या भागात बुद्धाच्या देवळाशी जोडलेली एक बाई होती. तिला होतोकेहिमे म्हणत. ती १५३८ साली वारली. तिची वरची कवळी एका लाकडाच्या तुकड्यातून कोरलेली आहे, दात आणि हिरडी सगळं एकसंध. लाकूड बॉक्सवुड जातीचं, अगदी घट्ट वीणीचं. हे काम देवांच्या मूर्ती कोरणारे लोक करत असावेत असं मानतात.

त्यांची रीत ऐका. मधमाशीचं मेण गरम करून मऊ करायचं, हिरडीवर दाबायचं, म्हणजे हिरडीचा ठसा उतरतो. त्यावरून लाकूड कोरायचं. मग हिरडीला रंग लावून लाकूड तोंडात बसवायचं. जिथे लाकडाला रंग लागला तिथे ते टोचतं आहे, तेवढं खरवडायचं. परत बसवायचं, परत खरवडायचं. खाटेचा पाय खाचेत बसवताना आपला सुतार हेच करतो. यात पातळीचं वेगळं मोजमाप काही नव्हतं. माणूस समोर बसलेला, कारागीर कोरतोय, चावून बघतोय, परत कोरतोय. माप म्हणजे त्या माणसाचं तोंडच. वेळ लागायचा, पण कवळी चालायची. त्यावर लोक खरोखर जेवायचे.

तिथल्या लग्न झालेल्या बाया दात काळे करायच्या, म्हणून काही कवळ्यांचे दातही काळे केलेले सापडतात. जुन्या काळी महाराष्ट्रातही सवाष्ण बाया दातवण लावून दात काळे करायच्याच की. आज पांढऱ्या दातांची एवढी जाहिरात आहे, तेव्हा काळ्या दातांची शोभा होती.

युरोपात मात्र गाडी वेगळ्याच रस्त्यानं गेली. तिथे श्रीमंतांना दात हवे होते ते बहुतेक दिसायला. हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, आणि खऱ्या माणसांचे दातसुद्धा वापरायचे. वरची कवळी खाली पडू नये म्हणून वरच्या आणि खालच्या कवळीमध्ये पोलादी स्प्रिंगा बसवायच्या. फ्रान्सच्या पिएर फोशार या दंतवैद्यानं १७२८ साली दातांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात अशा स्प्रिंगांच्या कवळ्या आहेत. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ साली गादीवर बसले तेव्हा त्यांचा स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांच्या कवळीत शिसं, पाणघोड्याचे दात आणि माणसांचे दात होते. एवढा मोठा माणूस, पण तोंड मिटून ठेवायला सुद्धा जोर लावायचा. उघडलं की स्प्रिंग कवळी फेकणार. त्यांच्या चित्रात ओठ घट्ट दाबलेले दिसतात, ते उगाच नाही.

आणि माणसांचे दात यायचे कुठून? गरिबांच्या तोंडातून. वॉशिंग्टनच्या हिशेबाच्या वहीत, १७८४ साली गुलामांकडून दात विकत घेतल्याची नोंद आहे. १८१५ साली वॉटर्लूची लढाई झाली, तिथे मेलेल्या जवानांचे दात उपटून लंडनला विकले गेले. पुढे कितीतरी वर्षं अशा दातांना वॉटर्लूचे दात म्हणायचे. व्हिक्टर ह्यूगोची मोठी कादंबरी आहे, १८६२ सालची. तिच्यातली फांतीन नावाची बाई मुलीच्या औषधासाठी आपले पुढचे दोन दात विकते. ती गोष्ट आम्ही वाचून घेतली तेव्हा आमच्यातल्या दोघी बराच वेळ बोलल्या नाहीत. कादंबरी आहे, खरी घटना नाही. पण असा बाजार होता, हे खरं आहे.

आता आपल्या विषयाकडे येऊ. १७५६ साली जर्मनीत फिलिप फाफ नावाच्या दंतवैद्यानं एक पुस्तक लिहिलं. हा तिथल्या राजाचा दंतवैद्य. त्यानं लिहिलं की मऊ मेणात हिरडीचा ठसा घ्यावा, त्यात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा करावा, आणि मेणाचा एक तुकडा माणसाला दोन्ही हिरड्यांमध्ये दाबायला लावावा, म्हणजे वरचा आणि खालचा साचा एकमेकांसमोर कसा ठेवायचा ते कळतं. हा मेणाचा चावा म्हणजे आमच्या मते या सगळ्या गोष्टीतली मोठी उडी. जपानी कारागीर चावा तोंडातच बघत होता. फाफनं तो चावा तोंडाबाहेर काढला, टेबलावर आणला. माणूस घरी गेला तरी त्याचा चावा कारागिराकडे राहिला.

पण मऊ मेण नुसतं चावायला दिलं की माणूस वाटेल तसं चावतो. हनुवटी पुढे काढतो, एका बाजूला सरकवतो. आजीच्या पहिल्या कवळीचंही असंच झालं असणार. मेणाचा गोळा दिला, "दाब" म्हटलं, आजी घाबरलेली, तिनं एकीकडे दाबलं, तेवढ्यावर दात बसवले.

पुढे १८०५ साली फ्रान्समध्ये गारियो नावाच्या माणसानं वरचा आणि खालचा साचा धरून ठेवायचं बिजागरीचं साधन केलं. दाराला बिजागरी असते, तसं ते उघडायचं आणि मिटायचं. इथे एक गोष्ट आपण बायका लगेच ओळखू. दार नुसतं उघडतं आणि मिटतं. जबडा तसा चालतो का? भाकरी चावताना बघा, जबडा खाली येतो, बाजूला जातो, घासत परत येतो. ते जात्यासारखं आहे. हे शास्त्रज्ञांच्या लक्षात यायला आणखी पन्नास वर्षं गेली. अमेरिकेचे बॉनविल नावाचे दंतवैद्य कवट्या मोजत बसले. त्यांना दिसलं की कानापुढचे जबड्याचे दोन सांधे आणि समोरच्या खालच्या दातांचा मध्य, हे तीन ठिपके जोडले तर सारख्या बाजूंचा त्रिकोण होतो, प्रत्येक बाजू साधारण चार इंच. १८५८ साली त्यांनी या मापाचं यंत्र केलं. ते बाजूलाही सरकायचं. सगळ्यांचा जबडा चार इंचांचाच असतो असं नाही, पुढच्या लोकांनी ते दुरुस्त केलं. पण जबडा घासतो ही गोष्ट यंत्रात आली.

त्याच काळात दुसरीकडे रबराचा शोध लागला होता. चार्ल्स गुडइयरनं रबर तापवून गंधकानं टिकाऊ करायची रीत काढली, १८४४ साली तिचं पेटंट घेतलं. पुढे कडक रबर आलं आणि त्याच्या कवळ्या होऊ लागल्या. हिरडीच्या साच्यावर ते अगदी चपखल बसायचं, त्यामुळे स्प्रिंगांची गरज गेली. सोनं नको, हस्तिदंत नको. पहिल्यांदा साध्या माणसाला कवळी परवडू लागली. पण त्या रबराचा हक्क एका कंपनीकडे होता आणि ती प्रत्येक दंतवैद्याकडून पैसे वसूल करायची. कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी १८७९ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एका चिडलेल्या दंतवैद्यानं कंपनीच्या बेकन नावाच्या मोठ्या अधिकाऱ्याला गोळी घालून मारलं. कवळीपायी खून! आमच्या मुलीनं हे वाचलं तेव्हा आधी आम्हाला खरंच वाटलं नाही.

स्वस्त कवळी आली तशी खूप लोकांनी घेतली. मग खूप कवळ्या बिघडल्यासुद्धा. तेव्हा प्रश्न पुढे आला की ज्या माणसाच्या तोंडात एकही खूण नाही, त्याची चावायची पातळी कशावरून काढायची? उत्तर असं सापडलं: तोंडात खूण नसेल तर तोंडाबाहेर शोधा. डोळे आहेत, नाक आहे, कान आहेत. ते पडत नाहीत.

यातली नाक-कानाची रेषा एका डच माणसाच्या नावानं ओळखली जाते, पीटर काम्पर. जन्म १७२२ चा, मृत्यू १७८९ चा. तो कवळ्या करणारा नव्हता. तो शरीर चिरून शिकणारा आणि शिकवणारा डॉक्टर होता, चित्रंही काढायचा. चेहरा बाजूनं कसा काढायचा हे शिकवताना त्यानं कानापासून नाकाच्या तळापर्यंत एक रेषा धरली आणि कपाळापासून दुसरी, आणि मधला कोन मोजला. त्याच्यानंतरच्या लोकांनी हा कोन उचलला आणि त्यावरून माणसांच्या जातींची उतरंड लावली. कोणाचा कोन मोठा तो शहाणा, कोणाचा लहान तो रानटी. आपल्या देशातही इंग्रजांच्या राज्यात रिस्ले नावाचा अधिकारी लोकांची नाकं मोजून कोण वरचा, कोण खालचा हे मांडत होता. १८९१ साली त्याची ती पुस्तकं बंगालात निघाली, आणि पुढे १९०१ च्या शिरगणतीचा तो मोठा साहेब होता.

आम्ही भिल आणि पावरा घरांतल्या बाया. आमच्या आज्या-पणज्यांच्या पिढ्यांना अशाच फूटपट्ट्यांनी रानटी ठरवलं. म्हणून ही गोष्ट वाचताना आम्हाला राग आला, ते इथे सांगून टाकतो. पण गंमत बघा. तीच नाक-कानाची रेषा पुढे दंतवैद्यांनी घेतली, ती वेगळ्या कामासाठी. त्यांना दिसलं की दात शाबूत असलेल्या माणसाची मागची चावायची पातळी या रेषेला जवळपास समांतर असते. मग बोळक्या तोंडातही ती पातळी या रेषेवरून काढता येईल. आता ती रेषा कोणाला वर-खाली ठरवत नाही. आजीला भाकरी चावता यावी म्हणून ती ओढतात.

१८९० साली जर्मनीचे ग्राफ फॉन स्पे यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. दातांची रांग बाजूनं बघितली तर सरळ नसते, झोळीसारखी थोडी खाली झुकलेली असते. म्हणजे मेणात काढलेली सपाट पातळी ही सुरुवात, दात बसवताना तिला थोडा झोक द्यावा लागतो. मग अमेरिकेच्या स्नो यांनी शतक संपताना एक कमान काढली, ती कानाशी टेकवून जबड्याचं कानापासूनचं अंतर मोजते आणि तसंच्या तसं यंत्रावर उतरवते. झुरिकचे गिझी यांनी यंत्रं आणखी सुधारली. आणि १९३७ च्या सुमाराला गुलाबी ॲक्रिलिक आलं, रबर मागे पडलं. आज आपल्या डब्यात पडलेली कवळी असते ती त्याचीच.

आता पातळी काढतात कशी, ते सांगतो. हे आम्ही आजीच्या शेजारी बसून डोळ्यांनी बघितलं आहे.

आधी हिरडीचे ठसे, त्यावरून प्लास्टरचे साचे. साच्यावर एक पातळ पत्रा करतात, धातूचा नव्हे, प्लास्टिकसारखा, आणि त्यावर मेणाची जाड पाळ घालतात. शेताच्या बांधासारखी, जिथे दात यायचे तिथे. वर एक, खाली एक. डॉक्टर बाईंनी आधी वरची पाळ आजीच्या तोंडात ठेवली. ओठ सैल सोडायला सांगितला. मेण ओठाखाली जरासं दिसलं पाहिजे, दोन मिलिमीटरच्या आसपास. म्हाताऱ्या माणसाचा ओठ सैल पडलेला असतो, त्याला त्याहून कमी चालतं. मग "फ" म्हणायला लावलं, "व" म्हणायला लावलं. "वावर, वारा, वांगं," आजी म्हणत गेली. हे म्हणताना वरच्या मेणाची कड खालच्या ओठाच्या ओलसर भागाला हलकीच टेकली पाहिजे. लांबून राहिली तर मेण आखूड, ओठात घुसली तर लांब.

मग ती मोठी सपाट पट्टी. तिचा एक भाग तोंडात पाळीखाली जातो, बाकीचा बाहेर पंखासारखा दिसतो. समोरून बघितलं तर पट्टी दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांच्या रेषेला समांतर हवी. बाजूनं बघितलं तर नाकपुडीच्या कडेपासून कानाच्या भोकापुढच्या उंचवट्यापर्यंतच्या रेषेला. बाईंनी आजीच्या गालावर पेनानं रेष ओढली. आजी म्हणाली, "गोंदतेस का गं मला?" सगळ्या हसल्या, पाळ पडली, परत बसवावी लागली. बाईंनी गरम सुरीनं मेण एका बाजूला थोडं कापलं, दुसऱ्या बाजूला भर घातली, परत पट्टी, परत बघणं. हे किती वेळा झालं ते आम्ही मोजलं नाही. चहा गार झाला एवढं आठवतं.

नंतर खालची पाळ. तिची उंची मागच्या बाजूला जबड्याच्या टोकाशी जी मऊ गादी असते तिच्यावरून बघतात, आणि जिभेवरून. पातळी फार वर गेली तर जिभेला घास दातांवर लोटता येत नाही, तो गालात अडकतो, आणि जीभ कवळी उचलून टाकते. फार खाली गेली तर जीभ दातांवर सांडते, चावली जाते. आजीची पहिली कवळी का उठत होती, ते इथे आमच्या लक्षात आलं. एक बाजू वर होती, चावलं की जोर आधी तिथेच.

शेवटी दोन्ही पाळी मिटल्यावर उंची किती ठेवायची? इथे माप घ्यायला नाकाखाली एक ठिपका, हनुवटीवर एक. "आजी, थुंकी गिळा. ओठ टेकवून 'म' म्हणा. आता तशाच बसा." आपण गप्प बसलेल्या असतो तेव्हा आपले दात टेकलेले नसतात, आत्ता ऐकता ऐकता बघा. मध्ये दोन ते चार मिलिमीटर मोकळी जागा असते. कवळीतही ती राहिली पाहिजे. ती संपली तर दात दिवसभर खडखडतात आणि जबडा ठणकतो. ती फार झाली तर तोंड आत जातं, ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडतात. मग आजीला मोजायला लावलं: "पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट." "स" म्हणताना पाळी जवळ याव्यात पण आपटू नयेत. आजीला शाळा नाही. पण मोहाची फुलं मोजून विकताना इतके आकडे तिनं म्हटलेले आहेत की ती सत्तरच्या पुढे निघून गेली, तिला थांबवावं लागलं.

आपल्या देशात हे शिक्षण कधी आलं? कलकत्त्याला डॉ. रफीउद्दीन अहमद अमेरिकेत शिकून आले आणि त्यांनी १९२० साली दाताचं पहिलं कॉलेज काढलं. मुंबईत फातिमा जिना कलकत्त्याला दंतवैद्यकी शिकून आल्या आणि १९२३ साली त्यांनी दवाखाना काढला. पुढे त्यांचं नाव पाकिस्तानच्या राजकारणात घेतलं गेलं, पण शंभर वर्षांपूर्वी एक बाई मुंबईत दात बघत होती, हे आपल्याला कोणी सांगत नाही. १९३३ साली मुंबईच्या नायर हॉस्पिटलला दाताचं कॉलेज सुरू झालं. तोपर्यंत आणि नंतरही गावागावांत, फूटपाथवर कवळ्या मांडून बसणारे होतेच. मुंबई-कलकत्त्यात चिनी दंतवैद्यांची घराणी होती, बापाकडून मुलाकडे हुन्नर जायचा. १९४८ साली दंतवैद्यांचा कायदा आला. न शिकलेल्या पण पाच वर्षं काम केलेल्या लोकांची नोंदही त्यानं वेगळ्या यादीत केली, कारण एकदम सगळ्यांना बंद केलं असतं तर दात बघायला उरलं कोण असतं? कवळी बनवणाऱ्या कारागिरांचीही, म्हणजे डेंटल मेकॅनिकचीही, वेगळी नोंद याच कायद्यानं आली.

वर्ध्याजवळ सेवाग्रामला गांधीजी राहायचे, तेही कवळी वापरायचे, फक्त जेवताना. बाकीच्या वेळी काढून ठेवायचे. फोटोत ते बोळक्यानं हसतात ते म्हणूनच. त्या हसण्याला कोणी नावं ठेवली नाहीत. आपल्या आज्या मात्र पदर तोंडावर घेतात.

आता आमच्याकडची अडचण. नीट कवळी करायची तर चार-पाच खेपा लागतात. ठसे, दुसरे ठसे, मेणाची पाळ, मेणात दात लावून बघणं, मग पक्की कवळी, आणि टोचेल ते घासून घेणं. मोलगीला ग्रामीण रुग्णालय आहे, पण कवळीसाठी आम्हाला देवगोई घाट उतरून पुढे जावं लागलं. एका खेपेला एक मजुरी गेली, सोबत जाणारीची दुसरी, वर गाडीभाडं. सकाळी माप आणि संध्याकाळी दात देणाऱ्याकडे लोक जातात ते अडाणी आहेत म्हणून नाही. त्याच्याकडे एकाच खेपेत काम होतं म्हणून जातात. पण ज्या खेपा तो वाचवतो, त्यातलीच एक पातळी काढायची असते.

एक माहिती लिहून घ्या. केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना १ एप्रिल २०१७ ला सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालच्या ६० वर्षांवरील लोकांना काठी, चष्मा, कानाचं यंत्र यांच्याबरोबर कवळीही त्या यादीत आहे. काठ्या आणि चष्मे मिळाल्याचं पुष्कळ ऐकतो. तुमच्या गावात शिबिर लागलं तर कवळीचं नाव घेऊन विचारा. शेजारच्या कर्नाटकात गरीब म्हाताऱ्यांना कवळ्या देणारी दंतभाग्य नावाची वेगळी योजना निघाली आहे. आपल्या राज्यात तशी का नको, हे आम्ही ग्रामसभेत मांडणार आहोत.

आजीच्या दुसऱ्या कवळीसाठी गटातून कर्ज द्यायचं की नाही यावर आमच्याकडे दोन बैठका झाल्या. एक जण म्हणाली, कर्ज शेळीसाठी द्यावं, बियाण्यासाठी द्यावं, म्हातारीच्या दातांसाठी कशाला? तिला आता किती दिवस खायचं आहे? सगळ्या गप्प. आजी तिथेच बसलेली. ती म्हणाली, "जेवढे दिवस आहेत तेवढे रोज दोनदा खायचं आहे." कर्ज मंजूर झालं. विरोध करणारीनंच पुढच्या खेपेला आजीच्या सोबत जायचं कबूल केलं.

परवा चौथी खेप झाली. मेणात दात लावून आणले होते. बाईंनी आरसा दिला. आजीनं वळून वळून बघितलं, "वावर" म्हटलं, "सहासष्ट" म्हटलं. खडखड नाही. मग तिनं वरचा एक दात बोटानं दाखवला आणि म्हणाली, हा माझा जरा वाकडा होता, लग्नात नवऱ्यानं त्यावरून ओळखलं होतं मला, तेवढा वाकडा कर. बाईंनी सुरी गरम केली आणि तो दात थोडा वळवला. पुढच्या बाजाराला पक्की कवळी मिळणार आहे. आजीनं मक्याची कणसं आत्ताच सांगून ठेवली आहेत.